दरीतली अळंबी आणि भट्टीमागची अळंबी

ही गोष्ट कधीची, ते मला विचारू नका. तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा उंच होते, रानं आजच्यापेक्षा दाट होती, आणि माणसं मात्र आजच्याइतकीच भित्री होती. लहानांनी जरा जवळ सरकून बसावं. मोठ्यांनी बसलात तिथूनच ऐकावं, कारण गोष्ट मोठ्यांच्याच चुकीची आहे.

त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावामागे एक दरी होती. दरी इतकी खोल आणि अरुंद, की भर दुपारीही तळाशी अंधुकच दिसे. वरून गार पाणी ठिबकायचं, पायाखालचे दगड निसटायचे. वारा कपारीत शिरला की माणसाच्या आवाजात हाक ऐकू यायची, आणि ती हाक कधी परक्याची नसायची. ऐकणाऱ्याच्या घरातल्याच कुणाचा तरी तो आवाज असायचा.

म्हणून गावाचा एक नियम होता. दरीत हाक आली, तर ओ द्यायची नाही आणि मागे वळायचं नाही. ज्यांनी ओ दिली त्यांचं पुढे काय झालं, हे सांगायला कुणी परत आलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अशा दरीत जावं तरी कशाला? तर त्या मुलखात काही वर्षांनी, कधी लवकर, कधी उशिरा, एक ताप फिरकायचा. लोक त्याचं नावसुद्धा घेत नसत, नुसतं ‘ते’ म्हणत. ‘ते आलं’ एवढं कुणी पुटपुटलं, तरी बायांची भाकरी तव्यावर करपून जायची. आधी माणसाचे हात थरथरायचे. मग त्याला आईचा चेहरा ओळखू येईनासा व्हायचा. मग तो झोपायचा, तो पुन्हा उठत नसे.

त्यावर उतारा एकच होता. दरीच्या तळाशी ऐनाच्या झाडांची खोडं आडवी पडून कुजत असत आणि त्या खोडांवर पावसाच्या अखेरीला एक अळंबी उगवत असे. दिसायला अगदी दरिद्री. अंगठ्याच्या पेराएवढी, काळपट, लाकडासारखी टणक, वर अर्धी किड्यांनी कुरतडलेली. बाजारात कुणी फुकट दिली असती, तरी तुम्ही नाक मुरडून पुढे गेला असता. पण ती वाळवून, कुटून तिचा काढा पाजला, की मरणाच्या दारातलं माणूस माघारी यायचं.

ती आणायची पाळी दरवर्षी एका घराकडे असे. पाऊस ओसरला की त्या घरातलं एक माणूस दरीत उतरायचं, अळंबी खुडायचं, आणि परतण्याआधी ऐनाचा एक ताजा ओंडका जुन्या खोडाला टेकवून ठेवायचं. जुन्या खोडातला अळंबीचा जीव हळूहळू त्या ओंडक्यात शिरायचा. ज्यानं ओंडका टेकवला त्याला त्याची अळंबी मिळत नसे. ती पुढच्याच्या हाती लागायची.

मग यायचा कडवणीचा दिवस. सगळं गाव पारावर जमायचं आणि वैदीण प्रत्येकाच्या जिभेवर त्या भुकटीची एक चिमूट ठेवायची. भुकटी इतकी कडू, की मिशीवाल्या गड्यांचे डोळे भरून यायचे आणि पोरं भोकाड पसरायची. पोरं जेवढी जोरात रडतील तेवढं औषध चांगलं, असा हिशेब होता. एखाद्या वर्षी ती कमी रडली, तर वैदीण भुकटी ओढ्यात ओतून द्यायची आणि पाळीवाल्याला पुन्हा दरीत धाडायची.

याच गावात, दरीच्या अंगाला अगदी शेवटी एका कुंभारणीचं घर होतं. तिचा नवरा पाळीवर गेला होता तो परतलाच नाही. दरीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत त्याचं पागोटं तेवढं अडकलेलं सापडलं. तेव्हा त्यांची लेक अजून पाळण्यात होती.

त्या दिवसापासून कुंभारणीच्या पोटात भीतीनं घर केलं. लेकीला तिनं डोळ्यांत तेल घालून जपलं. ऊन नको, तुला भोवळ येईल. पाऊस नको, तुला थंडी बाधेल. झाडावर चढू नको, नदीवर जाऊ नको, चिखल तुडवू नको. पोर भट्टीच्या उबेला बसून वाढली. दिसायला देखणी झाली, पण भरली घागर उचलली की तिला धाप लागायची.

आणि गावाची पाळी फिरत फिरत पुन्हा त्या घराकडे येऊ लागली.

आई स्वतः का गेली नाही, असं कुणी विचारेल. तर त्यालाही नियम होता. ज्या घरातलं माणूस दरीत राहिलं, त्या घरातून पुढे असंच कुणी जायचं, ज्याला त्या गेलेल्या माणसाचा आवाज ठाऊक नाही. ज्याला तो आवाज आठवतो, तो ओ दिल्याशिवाय राहत नाही, असं जुनी माणसं सांगत. कुंभारणीला नवऱ्याचा आवाज रोज आठवायचा. लेकीला तो ठाऊकच नव्हता. म्हणजे जायचं होतं ते लेकीनंच.

त्या वर्षी पाळी शेजारच्या तेल्याची होती. त्याच्या मागून वैदीणीचं घर आणि वैदीणीच्या मागून कुंभारणीचं. कुंभारणीला रात्रंदिवस एकच दिसायचं, लेक दरीच्या तोंडाशी उभी आहे आणि आतून कुणीतरी तिला बोलावतंय. शेवटी तिला राहवेना. तेली निघाला तेव्हा ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“भावजी, येताना त्या खोडाचा एक ढलपा आणाल का? अळंबीसकट?”

“कशापायी, वैनी? चुलीत घालायला बी नीट न्हाई त्यो.”

“जिवाच्या भीतीपायी,” कुंभारीण म्हणाली. “दुसरं काय असतंय बाईच्या मनात?”

तेली भला माणूस होता. त्यानं ढलपा आणून दिला. कुंभारणीनं तो भट्टीच्या मागच्या भिंतीला ठेवला, जिथं सदा ऊब असे. ऐनाचं लाकूड फार कठीण, म्हणून तिनं सावरीचं मऊ लाकूड आणून त्याचा भुसा केला आणि ढलप्याभोवती पसरला. त्यावर रोज भाताची पेज शिंपडली, गुळाचं पाणी शिंपडलं. किडा दिसला की चिमटीत धरून बाहेर टाकला. वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू नये म्हणून घोंगडं लावलं. जशी लेक वाढवली, तशीच ती अळंबी वाढवली.

आणि अळंबी वाढली की हो! दरीत जिला अख्खा पावसाळा लागायचा, ती भट्टीमागे बघता बघता फुलली. तळहाताएवढी, गुबगुबीत, पांढरीशुभ्र, बोट लावलं तर दबणारी. किड्याचा एक डंख नाही की कुठं डाग नाही. कुंभारीण त्या दिवशी कित्येक वर्षांनी मोकळेपणानं हसली.

टोपलीभर अळंबी घेऊन ती पारावर गेली. गाव गोळा झालं. पाटलांनी एक अळंबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“ही तीच?”

“तीच, पाटील. त्याच खोडाची. आता कुणी दरीत जायाची गरज न्हाई. जेवढी पायजे तेवढी म्या घरात पिकवून देते.”

सगळ्यांच्या माना वैदीणीकडे वळल्या. वैदीण म्हातारी होती, शहाणी होती, आणि तिच्या जिभेला आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं. तिनं एक तुकडा तोडून तोंडात टाकला. जिभेनं तिला तेव्हाच सांगितलं, की ही अळंबी नुसती नावाची आहे. कडवटपणा कुठेतरी खाली, घशाशी लागला न लागला एवढाच होता. वैदीणीनं मान वर केली. समोर गर्दीत तिचा नातू उभा होता. मिसरूड फुटलेला, हसरा, तिच्या घरातला एकुलता एक. पुढच्या वर्षी दरीत तोच उतरणार होता.

वैदीणीनं तुकडा गिळला. मग म्हणाली, “कडू हाय. जरा कमी हाय, पर हाय.”

बस्स. गावाला तेवढंच हवं होतं. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकायला त्याचे कान फार तिखट असतात. लोकांनी कुंभारणीला लुगडं-नारळ देऊन घरी पोचवलं. आयाबायांनी तिच्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या रात्री गावातली प्रत्येक आई निवांत झोपली.

मग वर्षं गेली. कडवणीचा दिवस येत राहिला, पण आता पोरं रडेनात. पहिल्या वर्षी त्यांनी नुसतं तोंड वाकडं केलं. पुढं तेही नाही. आणखी पुढं तर एक चिमुरडी वैदीणीपुढं जीभ काढून म्हणाली, “आणखी दे की!” सगळा पार हसला. कुणी म्हणालं, अळंबी माणसाळली. कुणी म्हणालं, आपलं नशीब सुधारलं. बायका कुंभारणीकडून ती अळंबी भाजीलाही मागून नेऊ लागल्या, आणि भाजी चांगली होते म्हणून शेजारच्या गावाला सांगू लागल्या. वैदीणही आता भुकटी ओढ्यात ओतत नव्हती.

दरीची वाट करवंदीनं बुजून गेली. खाली ओंडका टेकवायला कुणी गेलं नाही.

आणि त्या साऱ्या वर्षांत ‘ते’ आलं नाही. औषध पोकळ आहे, हे दुखणं आल्याशिवाय कळणार तरी कसं?

मग एका सकाळी नदीपलीकडच्या गावातून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही निघाला नाही. तिकडची गुरं दावी तोडून, गळ्यातल्या घंटा वाजवत एकटीच नदी ओलांडून आली. त्यांच्यामागे गुराखी नव्हता. आपल्या गावातल्या कुत्र्यांनी त्यांच्याकडे पाहून भुंकायचं सोडून शेपट्या आत घेतल्या. पाटील नदीकाठी उभे राहून बराच वेळ पलीकडे बघत होते. घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “ते आलंय.”

पहिला हात थरथरला तो पाटलांच्या सुनेचा. पण गाव फारसं घाबरलं नाही. अळंबीनं मडकी भरलेली होती. वैदीणीनं काढा केला, सुनेला पाजला. संध्याकाळी सून पाटलांकडे बघून म्हणाली, “हा म्हातारा कोण? माझ्या घरात का बसलाय?” पाटील उठून बाहेर गेले. काढा दुप्पट केला, चौपट केला. मडक्याच्या मडकी उकळली. सून झोपली आणि उठली नाही.

मग तेल्याच्या घरात शिरलं. मग पारामागच्या आळीत. घराघरांतून काढ्याचा वास येत होता आणि घराघरांतून रडण्याचा आवाज येत होता. लोक एकमेकांच्या हातांकडे चोरून बघू लागले. कुणाच्या हातून पेला जरी सांडला, तरी बाकीचे उठून लांब व्हायचे.

आणि एके दिवशी सकाळी कुंभारीण चुलीपाशी बसली असता लेकीनं तिच्यापुढं ताट धरलं. ताटातली वाटी खडखडत होती.

कुंभारणीनं वाटीकडे पाहिलं. मग लेकीच्या हातांकडे पाहिलं.

“आये,” लेक म्हणाली, “मला थंडी वाजतीया का गं?”

कुंभारणीनं तिला वाकळेत गुंडाळून निजवलं आणि धावत वैदीणीचं घर गाठलं. वैदीण उंबऱ्यात बसली होती. आत तिचा नातू निजला होता, आणि त्याचेही हात थरथरत होते.

“वैदीणबाई, माझी पोर पडली वो! सांगा काहीतरी! किती पाजू काढा? किती वेळा पाजू?”

“नदीभर पाज,” वैदीण म्हणाली. “काय उपेग न्हाई. त्यात औषध न्हाई.”

“न्हाई? मग तवा तुमी कसं म्हनला, कडू हाय म्हनून?”

म्हातारीनं आत बोट दाखवलं. “ह्याच्यापायी म्हनले. पुढल्या साली ह्याला दरीत जायाचं हुतं. तू लेकीपायी भ्यालीस, म्या नातवापायी. त्या दिवशीच मला ठाव हुतं.”

कुंभारीण भिंतीला धरून खाली बसली. तिला राग यायला हवा होता, पण राग यायला भीतीनं जागाच ठेवली नव्हती.

“पर का?” ती म्हणाली. “ढलपा तोच, जीव तोच. म्या काय कमी केलं तिला? लेकरावानी वाढवली.”

“तेच वंगाळ झालं,” वैदीण म्हणाली. “दरीत तिला कोण हाय? गारठा तिला मारतो, किडा तिला खातो, शेजारची बुरशी तिच्यावर चढाया बघती. पेरभर वाढायला तिला अख्खा पावसाळा भांडावं लागतंय. त्या भांडणात ती आपल्या अंगात कडू धरती, म्हंजी कुणी खाऊ नये, कुणी कुजवू नये. त्यो कडू रस तिनं सोताच्या जिवासाठी केलेला असतोय. आपण त्योच वाटून पितो. तुझ्या घरात तिला कुणाशी भांडायचं हुतं? तू तिला पेज पाजलीस, ऊब दिलीस. तिनं नुसतं अंग धरलं.”

कुंभारीण ऐकत राहिली. जन्म मडकी करण्यात गेलेली ती बाई. न भाजलेलं मडकं दिसायला कितीही गोंडस असलं, तरी त्यात पाणी ओतलं की त्याचा चिखल होतो, हे तिला पोरपणापासून ठाऊक होतं. आणि तिनं गावाला वर्षानुवर्षं कच्ची मडकी दिली होती.

ती उठली. घरी जाऊन तिनं लेकीच्या उशाशी पाणी ठेवलं, कमरेला कोयता खोचला आणि दरीकडे निघाली. वाटेत पाटील आडवे आले.

“बाई, तुला नियम ठाव न्हाई का? तुझा धनी तिथं ऱ्हायलाय. तुला हाक येईल.”

“मग तुमच्यातलं कोण येतंय?” कुंभारणीनं विचारलं.

पाटील वाटेतून बाजूला झाले. मागे उभे असलेलेही झाले. कुंभारीण पुढे गेली.

करवंदीतून वाट कापत ती दरीच्या तोंडाशी पोचली तेव्हा दिवस चांगला वर आला होता. पण आत पाऊल टाकलं आणि दिवस मागेच राहिला. गार वाफ अंगावर आली. पायाखाली शेवाळ होतं, हाताला लागेल तो दगड सुटून खाली जात होता, आणि तो तळाला पोचल्याचा आवाज फार उशिरानं येत होता. कुंभारीण बसून, सरकून, मुळ्या धरून उतरत राहिली. तिचे दात वाजत होते. थंडीनं की भीतीनं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला.

“अगं, ऐकलंस का?”

नवऱ्याचाच आवाज, तशीच हाक. इतक्या वर्षांत तो जराही म्हातारा झाला नव्हता. “अगं, ऐकलंस का? म्या हितं हाय. एकदा वळून बघ की.”

ओठांपर्यंत आलेली ओ तिनं दातांखाली धरली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खाली उतरत होती. आवाज बराच वेळ मागून येत राहिला. मग तो थकल्यासारखा हळू झाला आणि थांबला.

तळाशी पोचून तिनं खोडं शोधली. पहिल्या खोडावर हात ठेवला, तर खोडाचा भुगा झाला. दुसऱ्याचाही झाला. इतकी वर्षं कुणी नवा ओंडका टेकवला नव्हता आणि जुनी खोडं कुजून माती झाली होती. कुंभारीण गुडघ्यांवर रांगत एकेक खोड चाचपत गेली. अगदी शेवटी एका कपारीखाली एक खोड अजून खोडासारखं उरलं होतं. त्यावर पाणी ठिबकत होतं, मुंग्या फिरत होत्या, आणि त्या सगळ्यांत दोन-चार काळपट, टणक, कुरतडलेल्या अळंब्या खोडाला घट्ट चिकटून होत्या.

तिनं एकीचा कण जिभेवर ठेवला. कडू जहर! तिला हुंदका फुटला. त्या तिनं अलगद कापून ओच्यात बांधल्या. एका माणसाच्या काढ्यापुरत्याच होत्या.

ती चढायला वळणार, तोच वरून दुसरी हाक आली.

“आये! आये गं, लवकर ये!”

लेकीचा आवाज. कुंभारीण जागच्या जागी खिळली. ही दरी बोलतेय, की खरंच लेक अंथरुणातून उठून दरीच्या तोंडाशी आलीय? की ती गेली आणि आता...? पुढचा विचार तिला करवेना. तिचं सगळं अंग वर धावायला बघत होतं.

पण तिचा हात अजून त्या खोडावर होता आणि हाताखाली खोड कुसकरत होतं. हे खोड पुढचा पावसाळा बघणार नाही, हे तिला दिसत होतं. आता ती अशीच निघाली, तर या अळंब्या जगातल्या शेवटच्या. पुन्हा ‘ते’ आलं, तर कुणाच्याच लेकीला काही उरणार नव्हतं.

“आये, मला अंधार दिसतोय गं!”

कुंभारणीनं कानांवर पदर करकचून बांधला. वादळात मोडलेली ऐनाची एक फांदी जरा वर दोन दगडांत अडकून पडली होती. तिनं ती कोयत्यानं तोडायला घेतली. ऐनाचं लाकूड लोखंडासारखं. प्रत्येक घावाला वरून खडे गळत होते आणि प्रत्येक घावाला पदरातूनही ती हाक ऐकू येत होती. हातांची सालटी निघाली. शेवटी ओंडका सुटला. तो तिनं छातीशी धरून ओढत आणला आणि त्या कुजत्या खोडाला घट्ट टेकवून ठेवला. मग मात्र ती जी चढली, ती कशी चढली ते तिचं तिलाच कळलं नाही. दरीच्या तोंडाशी कुणीही उभं नव्हतं.

घरी लेक जिवंत होती. पण आई आत आली तेव्हा ती म्हणाली, “कोण तुमी? माझी आये कुठं गेली?”

कुंभारणीनं अळंब्या नेऊन वैदीणीपुढं ठेवल्या. वैदीणीनं त्या हातात घेतल्या, हुंगल्या. मग तिनं आत निजलेल्या नातवाकडे पाहिलं. दोघी बाया समोरासमोर उभ्या होत्या आणि दोघींना एकच गोष्ट कळत होती.

“अर्धी अर्धी केली तर?” कुंभारीण कशीबशी बोलली.

“तर दोघंबी जात्याल.”

वैदीणीच्या हातात खल होता, बत्ता होता, औषध होतं. तिला कोण अडवणार होतं? ती बराच वेळ नातवाकडे बघत राहिली. मग खाली बसली, अळंबी निखाऱ्यांवर वाळवली आणि कुटू लागली. तिचे डोळे वाहत होते, पण हात चुकला नाही.

“मागं एकदा म्या ह्याच्याकडं बघून खोटं बोलले,” ती म्हणाली. “त्यात सारं गाव बुडालं. आता त्याच्याकडं बघून अळंबी द्यायाची न्हाई. तू जिवावर उदार होऊन आणलीस. तुझ्या पोरीला नेऊन पाज. जा बाई, माझं मन फिरायच्या आत जा.”

काढा लेकीच्या ओठांना लागला तशी तिनं तोंड फिरवलं. कुंभारणीनं तो बळेबळे पाजला. पहाटे लेकीचे हात स्थिर झाले. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आये, तोंड लई कडू झालंय गं.” कुंभारीण तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

त्याच पहाटे वैदीणीच्या घरातून रडण्याचा आवाज आला.

‘ते’ गेलं तेव्हा गावातल्या पुष्कळ चुली कायमच्या विझल्या होत्या. लोकांनी कुंभारणीला दोष दिला, मग वैदीणीला दिला, आणि मग तो द्यायचंच सोडलं. निवांत झोपण्यात वाटा सगळ्यांनीच घेतला होता. कुंभारणीनं भट्टीमागचा भुसा काढून उकिरड्यात टाकला. वैदीणीनं औषध देणं सोडलं नाही, पण त्यानंतर कुणी तिला हसताना पाहिलं नाही.

कुंभारणीनं लेकीला वाढवायची रीतही बदलली. लेक आता ऊन-पावसात माती खणायची, चिखल तुडवायची, डोंगर चढून लाकडं आणायची. पहिल्यांदा ती रडली, पडली, तापली. आई दारामागे उभी राहून पदर तोंडात धरायची आणि पुढे होत नसे.

पाऊस ओसरला. पाळी पुन्हा सुरू झाली होती आणि पहिली पाळी कुंभारणीच्या घराची होती. लेकीनं कमरेला कोयता खोचला आणि ती उंबऱ्याशी थांबली.

“आये, तुला भ्या न्हाई वाटत?”

“वाटतंय,” कुंभारीण म्हणाली. “लई वाटतंय. जा तू.”

लेक गेली. कुंभारीण दिवसभर चाकावर बसली होती, पण तिच्या हातून एकही मडकं सरळ उतरलं नाही. तिन्हीसांजेला लेक फुटक्या गुडघ्यांनी, ओच्यात काळपट अळंबी घेऊन परत आली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घरातली आई तशीच दिवसभर बसून राहिली.

तात्पर्य एवढंच: ज्या कष्टांत गुण तयार होतो, ते कष्ट भीतीपोटी काढून घेतले, की रूप वाढतं आणि गुण मरतो.